हिंगाचा हात

कर्जतच्या बाजारात लाल भोपळ्याच्या फोडी मांडलेल्या दिसल्या, अळूच्या जुड्या ओल्या गोणपाटाखालून डोकवायला लागल्या आणि केळीची पानं विकणाऱ्या बायका एकाएकी तोऱ्यात बोलायला लागल्या, की पंचांग न उघडताही कळतं, पितृपक्ष लागला. पाऊस निघालेला असतो, पण दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा निघता निघत नाही. पोशीरकडची भातं निसवलेली असतात. बांधावर तेरडा माजलेला असतो. मधेच ऊन असं भाजतं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तासाभराने अंगावर चार थेंब पडतात. गल्लीत शिरलं की घराघरातून तुपाचा, उडदाच्या वड्यांचा, उकळत्या खिरीचा वास येतो. इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं, मी नाकाला पदर लावून पुढे जाते.

या दिवसांत कावळ्यांचा रुबाब बघावा. वर्षभर ज्याला हाड्-हाड् करून हाकलायचं, तो पंधरा दिवस जावई होतो. आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ एरवी भिकाऱ्याला दारात उभं करत नाहीत, पण परवा गच्चीत हातात पान घेऊन भर उन्हात किती वेळ उभे होते. कावळा टाकीवर बसून मान वाकडी करून बघत होता, येत नव्हता. गृहस्थ कुजबुजत होते, ‘‘बाबा, या ना. काही चुकलं का? वड्यात मीठ कमी पडलं का?’’ मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. राग कावळ्याचा नाही. कावळ्याने ‘नको’ म्हटलं तर एवढा मोठा माणूस घाम पुसत विचारतो की काय चुकलं. माझ्या बहिणीने ‘नको’ म्हटलं तेव्हा असं कोणी विचारलं नाही.

शालन, म्हणजे शालू, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आता पन्नाशी उलटली तिची. ती जन्मली तेव्हा रडली नाही म्हणे, आणि पुढेही तिला बोलता आलं नाही. धरलं तर चार पावलं चालते. भरवलं तर जेवते. आवडत्या माणसाचा आवाज ऐकला की खिंकाळल्यासारखी हसायची आणि आमच्या घरी दूधवाल्याची सायकल वाजली तरी हसायची, त्यामुळे त्या दूधवाल्याला फार अभिमान होता. तिला एकच शब्द येत होता आणि तो शब्द हाताचा होता. पोटात दुखायला लागलं की ती तळहात बेंबीवर ठेवायची आणि गोल गोल फिरवायची.

हा शब्द तिला कुठल्या तज्ज्ञाने शिकवला नव्हता. तिचं पोट नेहमीचंच दुखरं. आई कोमट पाण्यात हिंग कालवायची, दोन बोटांवर घ्यायची आणि तिच्या बेंबीभोवती हळूहळू फिरवायची. आईला उशीर झाला की शालूच आपला हात पोटावर फिरवून दाखवायला लागली. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि रडायलाच लागली. म्हणाली, ‘‘बोलली गं! माझी बोलली!’’ आमच्याकडे त्याला ‘हिंगाचा हात’ म्हणत. शालूने हिंगाचा हात केला, की हातातलं काम टाकून उठायचं, हा घरातला कायदा होता. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आयुष्यभर ‘हॅलो, बोला’ म्हणून लोकांची बोलणी जोडून दिली. तारेच्या पलीकडे नुसती खरखर असली तरी खाडकन फोन ठेवायचा नाही, जरा थांबायचं, एवढं त्या नोकरीने शिकवलं. आईला ते नोकरी न करता येत होतं.

आई गेली तेव्हा दहाव्याला आम्ही उल्हास नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, ‘‘काही इच्छा राहिली असेल, बोला.’’ सगळे हात जोडून बोलायला लागले. कोणी म्हणालं, तुझे दागिने मुलींनाच देऊ. कोणी म्हणालं, देवीची ओटी भरू. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. मी सारखी सांगत होते, ‘‘आई, शालूला मी बघते गं,’’ पण आईने ते धरलं नसावं, कारण मी तर बघणारच होते. मग आमचे मामा पुढे आले, घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘अक्का, शालूला मी अंतर देणार नाही!’’ त्याबरोबर एक कावळा झपकन उतरला आणि भात उचलून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामा त्यानंतर आमच्या घरी एकदाही आले नाहीत. कावळ्यालाही माणसं कळत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. पण तिथे आम्ही सगळे किती वेळ उभे होतो, ते मात्र मी विसरले नाही. एका पाखराच्या न खाण्याचा अर्थ लावायला अख्खं घराणं उन्हात तिष्ठत राहिलं होतं.

माझे गुडघे गेले आणि शालूला उचलणं होईना, तेव्हा तिला संस्थेत ठेवावं लागलं. खालापूर तालुक्यात, जुन्या हायवेवरून आत. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण ती जागा वाईट नाही. हे नीट समजून घ्या, ती जागा खरंच वाईट नाही. चादरी धुतलेल्या असतात, कोणी कोणाला मारत नाही. चालवणारे गृहस्थ पूर्वी मोहोपाड्याला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, सगळे त्यांना काका म्हणतात. स्वतःची पेन्शन घालून त्यांनी हे उभं केलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, ‘सन्मान, प्रेम, निवड’. निवड म्हणजे काय असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. काका उत्साहाने म्हणाले, ‘‘आमच्याकडे प्रत्येक बाळाला सकाळी विचारतो, निळा झगा की गुलाबी?’’ बाळ म्हणजे तिथे राहणारी पन्नास-पन्नास वर्षांची माणसं. एका बाळाला टक्कल होतं.

दाखल करताना मी काकांना आणि तिथल्या मावशींना शालूचा शब्द शिकवला. अगदी करून दाखवला. असा हात फिरला की दुखतंय, हिंग लावा, जेवण थांबवा. तिथे चांगुणा म्हणून एक मावशी आहे, डोंगरावरच्या ठाकरवाडीतून रोज चालत येते. तिने मान हलवली. काका म्हणाले, ‘‘किती गोड!’’ मी मनात म्हटलं, दुखण्यात गोड काय आहे? पण आपलं माणूस दुसऱ्याच्या हवाली करताना तोंड कडू करून चालत नाही. मीही गोड हसले.

त्या वर्षीचा पितृपक्ष आला. अशा संस्थांचा तो सुगीचा काळ असतो. ब्राह्मण मिळत नाहीत, मिळाले तर त्यांना वेळ नसतो, आणि शहरातल्या लोकांना कोणीतरी सांगितलेलं असतं की असल्या मुलांच्या मुखी घास गेला की थेट वरती पोचतो. मग गाड्या लागतात. रोज कोणाचे तरी वडील, कोणाची तरी सासू. रोज खीर, रोज वडे, रोज अळूचं फदफदं. एरवी जिथे मऊ भात आणि वरण चालतं, तिथे पंधरा दिवस श्राद्धाचं जेवण. काकांनी मला फोन करून सांगितलं, ‘‘ताई, पंधरवडाभर नातेवाइकांच्या भेटी बंद ठेवतोय. देणाऱ्यांची गर्दी असते, मुलं बावरतात.’’ मुलं बावरू नयेत म्हणून ओळखीची माणसं बंद आणि अनोळखी चालू, असा तो हिशेब होता.

श्राद्धाला एक रीत असते. जेवणारे जेवले की यजमान विचारतो, ‘तृप्त झालात?’ आणि त्यांनी म्हणायचं, ‘तृप्त झालो.’ तेवढं म्हणेपर्यंत यजमानाचा जीव टांगणीला असतो. आता ज्यांना बोलता येत नाही, त्यांनी तृप्त झालो कसं म्हणायचं? पाहुणे विचारायचे आणि ही सगळी नुसती बघत राहायची. देणारे हिरमुसायचे. मग एके दिवशी जेवण झाल्यावर शालूने पोटावर हात फिरवला. गोल गोल. यजमानाला भरून आलं. काकांना युक्ती सापडली.

हे मला नंतर चांगुणाने सांगितलं. काकांनी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि शालूकडे बघून शिकवलं. पोटावर हात, असा फिरवायचा, शाबास, बिस्किट. ज्यांना आपलं नाव कळत नाही, ज्यांना लघवीला जायचं सांगता येत नाही, त्यांना तेवढं मात्र दोन-चार दिवसांत आलं. यजमानाने ‘तृप्त?’ म्हटलं की तीसेक हात पोटावरून फिरायला लागले. लोक डोळे पुसायचे, व्हिडिओ काढायचे. माझ्या बहिणीच्या दुखण्याचा असा सामुदायिक कार्यक्रम झाला.

सर्वपित्रीच्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. भेटी बंद तर बंद, म्हटलं शालूचे कपडे द्यायचे आहेत, आणि गेले. वाटेत लोधिवलीला रिक्षा थांबली तेव्हा रस्त्याकडेला टाकलेल्या पत्रावळींवर कावळे तुटून पडले होते. संस्थेच्या दारात पांढरी मोठी गाडी उभी होती. आत दिवाणखान्यात पंगत. ठाण्याचं एक कुटुंब होतं. मुख्य यजमान पन्नाशीचा, सोवळं नेसलेला, घामेजलेला. त्याची आई त्या वर्षीच गेली होती. तो शालूसमोर पाटावर बसला होता आणि तिला खीर भरवत होता. बायकोला म्हणत होता, ‘‘बघ गं, हनुवटी अगदी आईसारखी आहे.’’

शालू पोटावर हात फिरवत होती.

‘‘तृप्त झालात ना, आई?’’ त्याने विचारलं आणि वाटी पुन्हा भरली. शालूने ओठ घट्ट मिटले. त्याने चमचा ओठांना लावून धरला. खीर हनुवटीवरून गळली. तिचा हात आणखी जोरात फिरायला लागला. तो रडायला लागला. ‘‘आईला खीर फार आवडायची हो,’’ तो काकांना म्हणाला. काकांचेही डोळे भरले. तिच्या अंगावर गुलाबी झगा होता आणि त्या झग्याखाली पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं मला दारातून दिसलं. इतके डोळे त्या खोलीत होते, सगळे भरलेले, आणि एकालाही ते पोट दिसत नव्हतं.

मी चपलांसकट आत गेले. म्हटलं, ‘‘थांबा! तिला दुखतंय.’’

‘‘ताई, दोन मिनिटं,’’ काका हलक्या आवाजात म्हणाले. ‘‘विधी चालू आहे.’’

‘‘अहो, त्या खूश आहेत, बघा ना कशा हात फिरवतायत,’’ यजमानाची बायको म्हणाली. तिने फोन वर धरलेलाच होता.

मी वाटी हिसकावून घेतली. तो माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या कानाखाली मारली होती. मग म्हणाला, ‘‘माझ्या आईच्या तोंडातला घास काढलात तुम्ही.’’

त्याची आई कुठेतरी अंतराळात भुकेली होती आणि माझी बहीण त्याच्यासमोर खाऊन मरत होती. दोघींतली त्याला एकच दिसत होती. वाईट माणूस नव्हता तो. मला आजही त्याचा तिरस्कार करता येत नाही, आणि करता येत नाही याचाच संताप येतो.

चांगुणाने आणि मी शालूला उचललं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी चांगुणाला विचारलं, ‘‘तुला तर सांगितलं होतं ना गं मी? हात फिरवला की दुखतंय म्हणून?’’

‘‘सांगितलं व्हतं की,’’ ती म्हणाली. ‘‘पन आता तर समदीच फिरवतात. कोनाचं दुकतंय आन कोनाचं नाय, आमी कसं वळखायचं? आन ताट परत आलं का काका वरडतात. मानसं येवडी लांबून येतात, त्यांचं मन मोडायचं नाय म्हनतात.’’

‘‘आणि हिचं पोट?’’

‘‘हिचं पोट हिलाच ठावं, ताय.’’ तिने शालूच्या हनुवटीवरची खीर पदराने पुसली. बोलणं कठोर होतं, पण त्या घरात तेवढंच एक वाक्य खरं होतं.

पनवेलला ऑपरेशन झालं. आतडं अडकलं होतं, बऱ्याच दिवसांचं साचलं होतं. तरुण डॉक्टर होता, चिडला होता. ‘‘इतके दिवस पेशंटने काहीच तक्रार केली नाही?’’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘‘केली ना. रोज करत होती. लोकांना ती ऐकून रडू यायचं.’’ त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

शालू वाचली. मला वाटायचं, वाचली म्हणजे झालं. काही महिने घरी ठेवली. टाके भरले, रंग सुधारला. एके दिवशी ती कळवळायला लागली, अंग आखडून घ्यायला लागली, पण हात काही पोटावर जाईना. मी हिंग कालवून आणला. वाटी बघितल्याबरोबर तिने ओठ मिटले आणि हात मांडीखाली दडवले. मग माझ्या ध्यानात आलं. तिच्या बाजूने विचार करा. हात फिरवला की आई यायची, गार झालेलं पोट उबदार व्हायचं. पुढे हात फिरवला की खीर यायला लागली. दुखतंय म्हटलं की आणखी वाढ. आणखी दुखतंय म्हटलं की आणखी. कोणता शहाणा माणूस तो शब्द पुन्हा उच्चारेल? आईने कितीतरी वर्षांनी कमावून दिलेला तिचा एकुलता एक शब्द, तो पंधरा दिवसांत खर्ची पडला. मतिमंद म्हणतात तिला. मला तर तिच्याइतक्या लवकर धडा घेणारं दुसरं कोणी माहीत नाही.

त्यानंतर तिने हिंगाचा हात कधीच केला नाही.

ती आता परत त्याच संस्थेत आहे. वाचणाऱ्याला राग येईल, येऊ दे. कल्याण ते खोपोली मी सगळीकडे फिरले. एका ठिकाणी बायकांचे केस सरसकट भादरतात, दुसऱ्या ठिकाणी जागा आहे पण वास दारातच आडवा येतो, तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, चालता येणारीच घेतो. तेव्हा धुतलेल्या चादरी बऱ्या. काकांनी माझी माफीही मागितली. नियम केला, श्राद्धाची खीर पातळ करायची. माफीत काही खोट नव्हती, फक्त ती खिरीपुरती होती.

मी आता दर रविवारी जाते. हिंग घेऊन जाते. दुखत असो वा नसो, बेंबीभोवती लावते. दुखत असेल तर उतरेल, नसेल तर निदान आईचा वास येईल, एवढाच विचार. ती छताकडे बघत पडून राहते. पूर्वी हसायची.

सेवा, माया, त्याग हे शब्द मला आता नको झालेत. ज्याला त्याला द्यायचं आहे. देणाऱ्यांची रांग हायवेपर्यंत लागते. दुसऱ्याचं ‘नको’ घ्यायला मात्र कोणी येत नाही. काका ‘निवड’ म्हणून दोन झगे पुढे करतात. खरी निवड म्हणजे भरलेलं ताट न रागावता परत नेणं, हे त्यांना पटत नाही, कारण परत आलेलं ताट त्यांना आपला अपमान वाटतो. कावळ्याने पान सोडून दिलं तर आपण स्वतःला विचारतो, काय चुकलं? माणसाने तोंड फिरवलं तर आपण त्याचं तोंड धरतो. मला माझ्या बहिणीसाठी जास्त काही नको होतं. कावळ्याइतका मान पुरला असता.

यंदाही पक्ष लागला. परवा मी गेले, आता मला अडवत नाहीत. पंगत चालू होती. ‘तृप्त?’ असं कोणीतरी विचारलं आणि हात फिरायला लागले. गोल गोल, सगळ्यांचे, हसऱ्या चेहऱ्यांनी, बिस्किटाच्या आशेने. एकटी शालू हात मांडीखाली घालून बसली होती. एका पाहुणीने विचारलं, ‘‘या नाही का करत?’’ काका कौतुकाने म्हणाले, ‘‘ह्या आमच्या जरा शिष्ट आहेत.’’

जेवणं आटोपत आली तशी काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘‘ताई, राग नका मानू. तुम्हाला पुढेमागे कोणी नाही. तुमच्या नावाची एक तिथी इथे लावून ठेवा. तुमच्या माघारी दर वर्षी तुमच्या नावाने मुलांना जेवण घालू. शालूला पहिलं पान.’’

माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. मी नसेन. माझ्या नावाची खीर असेल. कोणीतरी चमचा तिच्या ओठांना लावून धरेल आणि म्हणेल, खा, तुझ्या ताईच्या नावाचा घास आहे. आतापर्यंत लोकांच्या आया तिच्या पोटात गेल्या, आता मी जाणार.

मी म्हटलं, ‘‘लावते. पण एक अट. तिने तोंड फिरवलं तर माझं पान उचलून न्यायचं. जबरदस्ती नाही.’’

काका घोटाळले. ‘‘अहो, पण पान परत गेलं तर तुमच्या आत्म्याला शांती कशी मिळायची?’’

‘‘नकोच मिळू दे,’’ मी म्हटलं. ‘‘मी पिंडाला शिवणारच नाही. तुम्ही उन्हात उभे राहा आणि विचारत बसा, काय राहिलं म्हणून.’’

काका हसले. त्यांना वाटलं, ताई गमतीत बोलल्या. तेवढ्यात अंगणातल्या भिंतीवर कावळा येऊन बसला. तिथे पाहुण्यांनी पान ठेवलं होतं. ‘‘शू! कोणी हलू नका,’’ काका कुजबुजले. पाहुणे थांबले, चांगुणा हातातली बादली घेऊन जागीच उभी राहिली, मीही सवयीने थांबले. कावळ्याने पानाकडे बघितलं, मान फिरवली, पुन्हा बघितलं. कोणाची काही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने त्याने घास उचलला आणि उडून गेला.

मी मागे वळून बघितलं, तर शालूचं पान तोवर कोणीतरी पुन्हा वाढून ठेवलं होतं.